दहा खोल्यांच्या निवासाला हॉटेल व्यवसायातील कोणत्या संज्ञा खऱ्या कामाच्या?

प्रश्न असा आहे : चिमूर तालुक्यात, ताडोबाच्या कोलारा प्रवेशद्वारापासून जवळ, एका शेतकरी दांपत्याने स्वतःच्या जागेवर दहा खोल्यांचे निवास बांधले आहे. कर्जासाठी सल्लागाराने तयार करून दिलेल्या अहवालात ऑक्युपन्सी, एडीआर, रेव्हपार, मील प्लॅन, पार स्टॉक, नाइट ऑडिट असे शब्द पानोपानी आहेत. त्यांतले कोणते खरोखर शिकावे लागतील आणि सुरुवातीलाच सॉफ्टवेअर विकत घ्यावे का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

भाऊ आणि वहिनी, तुमचा प्रश्न अगदी योग्य वेळी आला आहे, कारण पहिला पाहुणा येण्याआधी हे शब्द समजून घेणे आणि दोन हंगाम तोटा सोसल्यावर समजून घेणे यांत मोठा फरक आहे. ताडोबाच्याच दुसऱ्या प्रवेशद्वारावरचे मोहर्ली, पेंच व्याघ्रप्रकल्पाजवळचे सिल्लारी आणि थंड हवेचे चिखलदरा या तिन्ही ठिकाणी मी लहान-मोठ्या निवासांचे काम पाहिले आहे. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे, की या व्यवसायातील प्रत्येक संज्ञेमागे एक निर्णय उभा असतो. जी संज्ञा कळल्यामुळे उद्या सकाळी तुमचा एखादा निर्णय बदलेल, ती आधी शिकावी. बाकीच्या कामाच्या ओघात कळत जातात.

सुरुवात ‘रूम नाइट’पासून करावी. एक खोली एका रात्रीसाठी, हे तुमच्या विक्रीचे माप आहे. दहा खोल्या आणि तीस दिवस म्हणजे महिन्याला ३०० रूम नाइट तुमच्याकडे विकायला असतात. कापसाला भाव नसेल तर शेतकरी तो घरात भरून ठेवतो आणि दोन महिने वाट पाहतो. आजची रिकामी राहिलेली खोली मात्र उद्या विकता येत नाही, ती रात्र कायमची गेली. हॉटेल व्यवसायातील दरांची सगळी धडपड या एका गोष्टीतून निघते. सवलत द्यावी की थांबावे, आगाऊ रक्कम किती घ्यावी, रद्द केलेल्या आरक्षणाचे पैसे परत द्यावेत की नाही, हे सगळे प्रश्न त्याचेच आहेत.

आता अहवालातले तीन मुख्य शब्द एकत्र घेऊ, कारण ते सुटे सुटे वाचले तर फसवतात. विकलेल्या रूम नाइटला उपलब्ध रूम नाइटने भागले की ऑक्युपन्सी, म्हणजे खोल्या भरण्याचे प्रमाण मिळते. खोल्यांच्या एकूण उत्पन्नाला विकलेल्या रूम नाइटने भागले की एडीआर, म्हणजे प्रत्यक्षात पदरात पडलेला सरासरी दर मिळतो. तो जीएसटी आणि जेवणाचे पैसे वगळून काढायचा असतो. तेच उत्पन्न उपलब्ध असलेल्या सर्व रूम नाइटमध्ये वाटले, म्हणजे रिकाम्या खोल्याही हिशेबात धरल्या, की रेव्हपार मिळतो.

समजा, एका महिन्यात ३०० पैकी १२० रूम नाइट ३,००० रुपये सरासरी दराने विकल्या गेल्या. ऑक्युपन्सी ४० टक्के, उत्पन्न ३,६०,००० रुपये आणि रेव्हपार १,२०० रुपये झाला. शेजारच्या निवासात गर्दी दिसते म्हणून तुम्ही दर उतरवून २,२०० केला आणि १५० रूम नाइट विकल्या. आता ऑक्युपन्सी ५० टक्के दिसते, अंगणात गाड्या जास्त दिसतात, पण उत्पन्न ३,३०,००० आणि रेव्हपार १,१०० रुपयांवर आला. शिवाय प्रत्येक विकलेल्या खोलीमागे धुलाई, साबण, वीज, पाणी, नाश्ता असा सुमारे ५०० रुपयांचा खर्च धरला, तर वाढलेल्या ३० खोल्यांनी १५,००० रुपये आणखी खाल्ले. म्हणजे जास्त राबून हातात ४५,००० रुपये कमी राहिले. म्हणून एकट्या ऑक्युपन्सीवर कोणी तुमची पाठ थोपटली, तर त्याच वेळी एडीआर किती होता हे स्वतःला विचारावे.

याच हिशेबातून ‘ब्रेक-इव्हन’ म्हणजे ना नफा ना तोटा पातळी काढता येते, आणि सल्लागाराच्या अहवालात मला सर्वांत जास्त काळजी याच आकड्याची वाटते. पगार, कर्जाचा हप्ता, विम्याचा हप्ता, किमान वीजबिल असा खोली विकली न विकली तरी होणारा खर्च महिन्याला २,००,००० रुपये धरू. दर ३,००० आणि प्रत्येक खोलीमागचा बदलता खर्च ५०० असेल, तर एका रूम नाइटमागे २,५०० रुपये सुटतात. म्हणजे महिन्याला ८० रूम नाइट विकल्या की खर्च भरून निघतो. कागदावर हे प्रमाण २७ टक्क्यांच्या आत आहे आणि सोपे वाटते. पण ताडोबाचे कोअर क्षेत्र, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत पर्यटनासाठी बंद असते. बफरच्या, म्हणजे भोवतालच्या पट्ट्यातल्या सफारीच्या फेऱ्या सुरू राहिल्या तरी गर्दी ओसरते. त्या तीन महिन्यांत महिन्याला २० रूम नाइटच विकल्या गेल्या, तर वर्षाच्या ९६० रूम नाइटपैकी ९०० उरलेल्या नऊ महिन्यांत विकाव्या लागतील, म्हणजे महिन्याला १००. ब्रेक-इव्हन नेहमी वर्षाचा काढावा, महिन्याचा काढू नये. चिखलदऱ्याला हेच गणित उलटे होते, कारण तिथे पावसाळ्यात धुके आणि धबधबे पाहायला शनिवार-रविवारी रस्ते भरून वाहतात. त्यामुळे तिथल्या मालकाने दिलेला दराचा सल्ला कोलाऱ्याला जसाच्या तसा लावता येत नाही.

आठवड्याचेही तसेच आहे. कोअर क्षेत्र दर मंगळवारी बंद असते, त्यामुळे सोमवारची रात्र सर्वांत पडेल असते, कारण मंगळवारी सकाळी कोअरची फेरी नाही. मंगळवारची रात्र मात्र बुधवारच्या पहाटेच्या फेरीसाठी चांगली जाते. सोमवारी रात्री दर पाडून पाहुणे ओढण्यापेक्षा दोन-तीन खोल्या त्या रात्रीपासूनच ‘आउट ऑफ ऑर्डर’ कराव्यात आणि मंगळवारी त्यांची दुरुस्ती, गाद्या उन्हात घालणे, गीझर आणि एसीची साफसफाई उरकावी. आउट ऑफ ऑर्डर म्हणजे दुरुस्तीमुळे विक्रीतून काढलेली खोली. तिची नोंद झाली नाही तर रविवारी रात्री कोणीतरी फोनवर ती विकून मोकळे होते.

आरक्षणाच्या संज्ञांमध्ये शहरातल्या आणि जंगलाशेजारच्या निवासात मोठा फरक पडतो. काही पाहुणे न कळवता येतच नाहीत, त्यांना ‘नो-शो’ म्हणतात. आणि ही तूट भरून काढण्यासाठी शहरातली हॉटेले उपलब्ध खोल्यांपेक्षा थोडी जास्त आरक्षणे घेतात, त्याला ‘ओव्हरबुकिंग’ म्हणतात. सगळेच आले तर एखाद्या पाहुण्याला शेजारच्या हॉटेलात स्वखर्चाने पाठवतात. तुम्ही हे कधीही करू नये. ताडोबाचे सफारी परमिट ठरावीक तारखेचे, ठरावीक फेरीचे आणि ठरावीक प्रवेशद्वाराचे असते. कोलाऱ्याचे परमिट असलेल्या कुटुंबाला मोहर्लीला खोली मिळवून दिली, तरी बाहेरच्या रस्त्याने ते अंतर इतके लांब पडते की पहाटेची फेरी हुकते. त्या कुटुंबाने लेकरांच्या सुट्टीत वर्षातून एकदा केलेला तो प्रवास असतो. अशा पाहुण्याची भरपाई पैशाने होत नाही, असे मी मनापासून मानतो.

म्हणून आरक्षण घेताना पहिला प्रश्न ‘परमिट काढले आहे का, कोणत्या गेटचे आणि कोणत्या फेरीचे?’ हा असावा. परमिट हातात असलेला पाहुणा येणे क्वचितच टाळतो; परमिट न काढता नुसती खोली धरून ठेवणाऱ्याचे आरक्षण ‘टेंटेटिव्ह’ म्हणजे तात्पुरते समजून ठरावीक तारखेपर्यंत आगाऊ रक्कम मागावी, आणि ती आल्यावरच ‘गॅरंटीड’ म्हणून नोंदवावे. मूळ ओळखपत्र सोबत आणण्याची आठवणही याच वेळी द्यावी, कारण गेटवर अडले की पाहुण्याचा राग निवासावरच निघतो.

मील प्लॅनचे शब्द पाठ करण्यास एक संध्याकाळ पुरते. ईपी म्हणजे फक्त खोली, सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक मुख्य जेवण, एपी म्हणजे नाश्त्यासह दोन्ही जेवणे. व्याघ्रप्रकल्पांच्या भोवती ‘जंगल प्लॅन’ हा शब्दही चालतो. त्यात खोली, सर्व जेवणे आणि बहुधा सफारी धरलेली असते. पण प्रत्येक निवास त्यात वेगवेगळ्या गोष्टी मोजतो, म्हणून परमिट शुल्क, जिप्सीचे भाडे आणि गाइडचे मानधन यांपैकी काय समाविष्ट आहे, हे मराठी किंवा हिंदी संदेशात स्पष्ट लिहून पाठवावे. सीपीमध्ये आणखी एक मेख आहे. तुमचा पाहुणा उजाडण्याआधी गेटकडे निघतो आणि दहाच्या सुमारास परततो. तेव्हा ‘नाश्ता आठ ते दहा’ ही पाटी तुमच्याकडे निरर्थक ठरते. पहाटे चहा आणि बिस्किटे, आणि परतल्यावर गरम पोहे-तर्री, असा नाश्ता दोन भागांत द्यावा.

आता ज्या दोन तासांवर तुमच्या निवासाचे नाव अवलंबून राहील, त्यांच्याकडे येतो. सकाळची फेरी साधारण दहाच्या सुमारास संपते आणि दुपारची दोन-तीनच्या सुमारास सुरू होते. वेळा ऋतूप्रमाणे थोड्या सरकतात. सकाळी फिरून आलेला पाहुणा नाश्ता, आंघोळ आणि सामान आवरून साडेअकराला खोली सोडतो. नागपूरहून दोन-अडीच तास गाडी चालवून आलेला नवा पाहुणा बाराला दारात उभा असतो, आणि त्याला जेवून दुपारच्या फेरीला निघायचे असते. सहा खोल्या सुटणार असतील आणि एका खोलीला ४० मिनिटे लागत असतील, तर दोन माणसांना सगळ्या खोल्या लावायला दोन तास, म्हणजे दीड वाजेल. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मे महिन्याच्या उन्हात दीड तास बाकावर बसवलेला पाहुणा पुढे वाघ दिसला तरी तो दीड तास विसरत नाही.

यासाठी ‘रूम स्टेटस’ हा विषय नीट शिकावा. खोली चालू आहे, म्हणजे तिच्यात पाहुणा राहतो आहे, ती ‘ऑक्युपाइड’, सुटली पण अस्वच्छ आहे म्हणजे ‘व्हेकंट डर्टी’, झाडून-पुसून झाली म्हणजे ‘व्हेकंट क्लीन’, आणि दुसऱ्या माणसाने तपासून पाहुण्याला देण्याजोगी ठरवली म्हणजे ‘इन्स्पेक्टेड’. लहान निवासात शेवटची पायरी गाळली जाते आणि तिथेच घोटाळा होतो. स्वच्छ करणाऱ्याने स्वतःच तपासू नये. वहिनींनी किंवा तुम्ही तपासावे. तपासताना पलंगाच्या कडेवर बसून पाहुण्याला जे दिसेल ते पाहावे : पंख्याच्या पात्यांवरची धूळ, समोरच्या भिंतीवरचे कोळ्याचे जाळे, बाथरूमच्या जाळीत अडकलेला केस. मग गीझर लावून नळाखाली हात धरावा, खिडकीची मच्छरदाणीची जाळी कोपऱ्यातून सुटली आहे का ते बघावे आणि दाराखालच्या फटीत बोट घालावे. बोट सहज आत जात असेल तर विंचूही जाईल. जंगलालगतच्या निवासात ही फट रबरी पट्टीने बंद करणे हा हाउसकीपिंगचाच भाग आहे.

दोन तासांची अडचण सोडवण्याचे उपायही यातूनच निघतात. सुटणाऱ्या पाहुण्याला आदल्या रात्रीच विनंती करावी, की शक्य असल्यास सामान बांधून पहाटे ठेवावे. त्याची हरकत नसेल तर तो जंगलात असतानाच अर्धी खोली आवरता येते. परतल्यावर त्याच्या आंघोळीसाठी एक स्वतंत्र स्नानगृह राखून ठेवावे. तुमच्या बांधकामात अजून वाव असेल तर अकरावी खोली बांधण्यापेक्षा हे स्नानगृह आधी बांधा, असा माझा आग्रह आहे. ज्या नव्या पाहुण्यांना दुपारची फेरी आहे त्यांच्या खोल्या आधी लावाव्यात, आणि ज्यांची फेरी दुसऱ्या दिवशी पहाटे आहे त्यांना आधी जेवायला बसवावे. याला ‘रूम अलॉटमेंट’ म्हणतात, आणि ते सकाळी आठलाच कागदावर झालेले असावे.

कापडाच्या हिशेबाला ‘पार स्टॉक’ म्हणतात. दहा डबल बेडना दहा चादरी हे एक पार. एक पार पलंगावर, एक धुलाईत आणि एक कपाटात, असे किमान तीन पार, म्हणजे ३० चादरी लागतात. पावसाळ्यात दोरीवरची चादर दोन-दोन दिवस वाळत नाही, म्हणून चार पार ठेवावेत किंवा वाळवण्याचे यंत्र घ्यावे. टॉवेलचे दुखणे वेगळेच आहे. उघड्या जिप्सीतून आलेल्या माणसाच्या तोंडावरची, मानेवरची सगळी लाल माती तुमच्या पांढऱ्या टॉवेलवर उतरते, आणि बोअरच्या जड पाण्यात ती निघता निघत नाही. पाहुणा गाडीतून उतरताच त्याला गडद रंगाचा ओला, गार नॅपकिन हातात द्यावा. त्याला बरे वाटते, आणि पांढरा टॉवेल कितीतरी जास्त धुण्या टिकतो.

स्वच्छतेच्या शिस्तीसाठी लागणाऱ्या लेखी कार्यपद्धतीला ‘एसओपी’ म्हणतात. ती पाहायला पंचतारांकित हॉटेलात जाण्याची गरज नाही; शेगावला गजानन महाराज संस्थानच्या भक्तनिवासात दोन दिवस राहून या. इतक्या मोठ्या वर्दळीतही जिना, मोरी आणि जेवणाची पंगत कशी स्वच्छ राहते आणि सेवेकरी किती नम्रपणे बोलतो, ते डोळ्यांनी पाहिल्यावर गावातल्या मुला-मुलींना समजावून सांगणे सोपे जाते.

स्वयंपाकघरातली महत्त्वाची संज्ञा ‘फूड कॉस्ट’ ही आहे. २५० रुपयांच्या थाळीत ७५ रुपयांचा कच्चा माल गेला, तर फूड कॉस्ट ३० टक्के झाली. हॉटेल व्यवसायात साधारण २८ ते ३५ टक्क्यांच्या आत ती राखण्याचा प्रयत्न असतो. महिन्याचा खरा आकडा मात्र थाळीवरून निघत नाही : महिन्याच्या सुरुवातीचा साठा, अधिक खरेदी, वजा शेवटचा साठा, आणि त्यातून कामगारांच्या जेवणाचा माल वेगळा काढायचा. दोन आकड्यांत फार फरक आला, तर कुठेतरी अन्न वाया जाते आहे, मापापेक्षा जास्त वाढले जाते आहे किंवा माल बाहेर जातो आहे. यासाठीच ‘स्टँडर्ड रेसिपी’ लिहून ठेवतात. वांगे भाजून, साल काढून भरिताला उरते किती, पाटवडीला एका माणसामागे किती बेसन लागते, हे एकदा तोलून लिहिले की खरेदीचा अंदाज चुकत नाही. तुमच्या पाहुण्यांना पनीरच्या त्याच त्या भाज्या सर्वत्र मिळतात. झुणका-भाकर, पाटवडी-रस्सा, भरीत आणि वडाभात हे त्यांना तुमच्याकडेच मिळेल. दहा खोल्यांना बुफे मांडू नये, त्यात नासाडी फार होते; ताट वाढून द्यावे आणि हवे ते पुन्हा वाढावे. उन्हाळ्यात शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सियसच्या मध्ये फार वेळ राहू देऊ नये, कारण त्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. उशिरा परतणाऱ्या पाहुण्यासाठी वरण दुपारपासून झाकून ठेवण्याची आपल्याकडची पद्धत इथे मोडावीच लागेल.

नाइट ऑडिट म्हणजे दिवसाचा हिशेब रात्री मिटवणे. रोख, यूपीआय आणि येणे असे तीन आकडे एका बाजूला, त्या दिवशी चालू असलेल्या खोल्या आणि स्वयंपाकघराच्या केओटी, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठ्या दुसऱ्या बाजूला. वहीत खोली रिकामी आणि हाउसकीपिंगच्या कागदावर चालू, असा फरक निघाला तर त्याच रात्री शोधावा.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती, जिला सर्वजण सी फॉर्म म्हणतात, २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते. अन्न देणार असल्याने एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या केंद्रीय संस्थेची नोंदणी किंवा परवाना लागेल. जीएसटीची नोंदणी असेल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर आहे, पूर्वी तो १२ टक्के होता. पण आता खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, म्हणून एसी आणि गाद्यांवरचा कर खर्चातच धरावा.

आता सॉफ्टवेअर. ऑनलाइन बुकिंगच्या संकेतस्थळांना हॉटेलवाले ओटीए म्हणतात, आणि त्यांचे कमिशन बहुधा १५ ते २५ टक्क्यांच्या दरम्यान असते. ३,००० रुपयांच्या खोलीवर १८ टक्के कमिशन म्हणजे ५४० रुपये, त्या कमिशनवर पुन्हा १८ टक्के जीएसटी. हातात सुमारे २,३६३ रुपये येतात. याला ‘नेट रेट’ म्हणतात, आणि थेट फोन करणाऱ्याला सवलत देताना हाच आकडा डोळ्यांपुढे ठेवावा. तुमचे आरक्षण फोनवर आणि फार तर एका ओटीएवर असेल, तोपर्यंत मोठी आखीव वही पुरते : उभ्या रांगेत तारखा, आडव्या रांगेत दहा खोल्या, आणि प्रत्येक चौकोनात पाहुण्याचे नाव, मील प्लॅन, गेट आणि फेरी. ज्या दिवशी दुसरा ओटीए जोडाल, त्या दिवशी मात्र तीच खोली दोन ठिकाणी विकली जाण्याचा धोका सुरू होतो, आणि सर्व ठिकाणची उपलब्धता एकाच वेळी बदलणारे ‘चॅनल मॅनेजर’ घ्यावे लागते. तोवर त्या पैशातून एक पार चादरी जास्त घ्या.